कामाझावाच्या घळीत

कामाझावाच्या घळीतून एकदा तरी बर्फावर घसरायच्या फळीवरून उतरायचं, एवढ्याचसाठी तोमोए त्या सकाळी घराबाहेर पडली होती. लोकांना शिखरं हवी असतात, हिला घळ हवी होती! चौतीस वर्षं ती घळ गावातून समोर दिसत होती, आणि चौतीस वर्षं तिचे वडील इवाओ त्या घळीबद्दल दोनच शब्द बोलत आले होते: तिथे नाही. इवाओ गावच्या बचाव पथकाचे प्रमुख. त्यांच्या 'नाही'चं कारण विचारायची गावात पद्धत नव्हती.

मग तोमोएने सोपा मार्ग काढला. ती खोटं बोलली.

डोंगराच्या पायथ्याशी एक लाकडी पेटी असते. वर जाणाऱ्याने कुठे चाललो आणि किती वाजता परतणार, ते कागदावर लिहून तिच्यात टाकायचं. दुपारी ते कागद इवाओंच्या हातात पडत. तोमोएने लिहिलं, 'तिघे. युनोताइरा. परत तीन वाजता.' युनोताइरा म्हणजे डोंगराच्या कण्याच्या, वरच्या धारेच्या, पलीकडचं गरम झऱ्याचं खोरं. तिथे शाळेची पोरंसुद्धा नेतात.

"माझे पेशंटही असंच सांगतात," दातांचे डॉक्टर हागा कागद वाचून म्हणाले. "रोज दोनदा घासतो म्हणून." एवढं बोलून त्यांनी खाली सही मात्र ठोकली. तिसरा शुनपेई, तिचा धाकटा चुलतभाऊ. तो सहा दिवस गावच्या रस्त्यावरचं बर्फ यंत्राने ढकलत त्याला शिव्या घालायचा आणि सातव्या दिवशी त्याच बर्फात लोळायला डोंगरावर यायचा.

तिघांकडेही मधोमध चिरलेल्या फळ्या होत्या. चढताना दोन अर्ध्या दोन पायांना बांधायच्या, तळाला केसाळ पट्ट्या चिकटवायच्या म्हणजे पाय मागे घसरत नाही. माथ्यावर पट्ट्या सोलायच्या, अर्ध्या जोडून एक फळी करायची आणि सुटायचं. बीच वृक्षांच्या रानातून ते आळीपाळीने वाट फोडत चढले. कण्यावर पोचले तेव्हा अकरा वाजून गेले होते आणि वायव्येचा वारा सुटला होता. तो कामाझावाकडचं बर्फ उचलून पलीकडे, युनोताइराच्या उतारावर नेऊन टाकत होता. त्या बाजूला कण्याच्या ओठावर बर्फाचा छज्जा वाढत चालला होता. तोमोएने तो पाहिला, आणि आपल्याला तिकडे जायचंच नाही म्हणून सोडून दिला.

मग ती सुटली! पहिल्या वळणालाच बर्फ छातीपर्यंत उसळलं. दुसरं वळण, तिसरं! कानात वारा, तोंडात बर्फ, पायाखाली काहीच नाही! मागून डॉक्टर नातू झाल्यासारखे ओरडत येत होते. तीनशे मीटर संपले कधी, कळलं नाही. इतकी खूश ती कित्येक वर्षांत झाली नव्हती.

घळीच्या तळाशी धबधबा उघडाच होता. गावातून पाहताना वाटे की तो फेब्रुवारीत गोठून बुजतो. इथे काळं पाणी कड्यावरून खाली कोसळत होतं, आणि दोन्ही बाजूंना उभा कातळ. खाली वाट नाही. आलो तसं वर चढायचं.

शुनपेईने फळी सोडवली, एक अर्धी बर्फात रोवली आणि दुसरी बाजूला आडवी ठेवली. नुसती ठेवली, रोवली नाही. तो पट्टी काढायला वाकला आणि ती हलली. त्याने झेप घेतली. बोटं लागली! पण फळी सुटली, पाण्याच्या काठावर एकदा उडाली आणि गेली.

 मग शुनपेईने एक पाऊल टाकलं आणि तो कमरेपर्यंत रुतला. दुसरं टाकलं, छातीपर्यंत. एका अर्धीवर माणूस ना चालणारा, ना घसरणारा. अशा बर्फात तीनशे मीटर चढायला त्याला उद्याची दुपार लागली असती. त्यातच आभाळ खाली उतरलं, बर्फ आडवं यायला लागलं आणि समोरचं झाडही दिसेनासं झालं.

डॉक्टरांनी कातळाच्या आडोशाला फावड्याने भोक पाडायला घेतलं. आत बसू, खायला आहे, रात्र निघेल, असं ते म्हणत होते. तोमोए घड्याळाकडे बघत होती. पावणेदोन झाले होते.

"बाबा चार वाजता निघतील," ती म्हणाली. दिलेल्या वेळेनंतर एक तास वाट बघायची, हा त्यांचा नियम होता.

"मग बरंच आहे ना, ताई," शुनपेई म्हणाला.

"कुठे निघतील, शुनपेई? युनोताइराला."

डॉक्टरांचं फावडं थांबलं.

एरवी अशा वाऱ्यात, वरचा छज्जा कधी कोसळेल याचा नेम नसताना, इवाओंनी त्या खोऱ्यात कुत्रंही जाऊ दिलं नसतं. पण आज कागदावर त्यांच्या मुलीचं अक्षर होतं. घळीत फोन लागत नव्हता. कण्यावर लागला असता. तोमोएने दोघांना तिथेच ठेवलं, फोन अंगाला चिकटून बनियनच्या आत खोचला आणि एकटी चढायला लागली.

सकाळची वाट कधीच बुजली होती. ती मांडीभर बर्फात पाय उचलायची, टाकायची. एक पट्टी थंडीने सुटली, तिने ती चिकटपट्टीने गुंडाळली. पुन्हा सुटली, पुन्हा गुंडाळली. रडून काही उपयोग नव्हता तरी ती रडत होती, आणि पापण्या गोठत होत्या. कणा आला तेव्हा तीन चाळीस झाले होते. वीस मिनिटं हातात होती. जिंकलो, असं तिला वाटलं.

फोन आईने उचलला.

"आई, बाबांना दे. आम्ही ठीक आहोत. बाबांना दे आधी."

"हे गेले गं. बर्फ वाढलं तसे सव्वातीनलाच निघाले, पाच जण. झऱ्याच्या वाटेने."

नियम बाकीच्यांसाठी होता. आपल्या मुलीसाठी त्यांना तास काढवला नव्हता.

तोमोएच्या पायापासून वीस पावलांवर तो छज्जा लटकत होता आणि त्याच्या मुळाशी बोटभर रुंद भेग गेली होती. तिच्या बरोबर खाली पांढऱ्या धुरात कुठेतरी बाबा होते. खाली उतरावं तर तिच्याच वजनाने सगळं सुटणार. ओरडावं तर वारा. हात आहेत, पाय आहेत, फळी आहे, आणि करण्यासारखं काही म्हणजे काही नाही. तिने आईला सगळं सांगितलं.  आईने घरात ठेवलेला पथकाचा रेडिओ ओढून घेतल्याचा आवाज आला.

"अहो, ऐकू येतंय का? अहो."

खरखर.

"अहो, उत्तर द्या. पोरं तिकडे नाहीत. मागे फिरा."

खरखर. आई तेच, त्याच आवाजात, पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. पस्तीस वर्षं ती जेवायला याच आवाजात हाक मारत आली होती. तोमोए फोन कानाला दाबून गुडघ्यांवर बसली. सातव्यांदा की आठव्यांदा, पलीकडून तुटक आवाज आला.

"कुठे आहेत मग?"

"कामाझावात."

 मग बाबांचा आवाज, पण आईसाठी नाही: "सगळे मागे. झाडांत चला. पळा."

धप्प! तोमोएच्या पायाखालचा डोंगर खाली बसल्यासारखा झाला. छज्जा होता तिथे आता आभाळ होतं! भेग धावत गेली, उतार काचेसारखा तडकला आणि आख्खा खाली निघाला! आवाज नंतर आला. मग तोही संपला.

फोनमध्ये आई श्वास घेत होती. रेडिओ नुसता खरखरत होता. किती वेळ गेला, ते दोघींनाही नंतर सांगता आलं नाही.

"तोगाशी," बाबांचा आवाज आला. ते माणसं मोजत होते. "आहे. शोजी. आहे. काकुता. आहे. मुराई." आणि थांबले. "मुराई."

तोमोएने तोंडात हातमोजा कोंबला.

"सापडला," बाबा म्हणाले. "कमरेपर्यंत आहे. खांदा मोडलाय. ओरडतोय, म्हणजे ठीक आहे. आता तिला विचार, खरंच कामाझावात आहेत का."

त्या प्रश्नातल्या 'खरंच'ने तोमोए खचली ती खचलीच. बाबांनी आईकरवी निरोप दिला: भोकात बसा, बर्फ बसेपर्यंत आम्ही येणार नाही.

ती खाली परतली. रात्र तिघांनी एकमेकांना चिकटून काढली. दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला आभाळ निवळलं आणि इवाओ, तोगाशी आणि काकुता शुनपेईसाठी बर्फात घालायचे रुंद जोडे घेऊन घळीत उतरले. इवाओंनी तिघांना मोजलं, चहा दिला आणि ते गावापर्यंत पुढे चालत राहिले.

सोडवून आणलेल्याने सोडवणाऱ्यांच्या दारी जायचं, साके या तांदळाच्या दारूची बाटली घेऊन, घरातल्या वडीलधाऱ्यासकट, ही गावची रीत. इवाओंनी बावीस वर्षं असे नमस्कार घेतले होते. त्या संध्याकाळी ते लेकीबरोबर आपल्याच माणसांच्या दारांत उभे राहिले आणि तिच्यापेक्षा खाली वाकले. तोगाशी अवघडून हसला. शोजीच्या आईने मुळ्याचं लोणचं पुढे केलं. काकुताला काय बोलावं ते सुचेना, त्याने दोनदा हवेचा विषय काढला. मुराईच्या बायकोने बाटली घेतली आणि तोमोएकडे बघितलंसुद्धा नाही. मुराई आतून गळ्यात हात बांधून आला.

"इवाओ-सान, डोकं वर करा हो," तो म्हणाला. "मला बघवत नाही."

तोमोएला त्या क्षणी जमीन दुभंगून हवी होती. घळीतली असहायता बरी, असं तिला वाटलं. तिथे निदान समोर वडील वाकलेले नव्हते.

चार दारं झाली. घरी आले तेव्हा इवाओ पुढे होते. ते आत गेले आणि त्यांनी दार तिच्या तोंडावर सरकवून घेतलं. तोमोए बर्फात उभी राहिली. हातातली बाटल्यांची पिशवी अजून जड होती. तिने पिशवीत पाहिलं तर एक बाटली उरली होती, आईने पाच भरल्या होत्या. खोऱ्यात गेलेलेही पाचच होते.

तिने दार वाजवलं.

"कोण आहे?" बाबांनी परक्यासारखं विचारलं.

"तोमोए," ती म्हणाली. दार सरकलं. ती वाकली, कपाळ गुडघ्यांना लागेपर्यंत. "मी कामाझावाला गेले होते. कागदावर युनोताइरा लिहिलं. माझ्यामुळे तुमची माणसं मेली असती. तुम्ही मेला असता, बाबा."

इवाओ पथकाचा कोट घालून उंबऱ्यात उभे होते. अशा वेळी म्हणायचं वाक्य त्यांना पाठ होतं. बावीस वर्षं ते प्रत्येक घराला हेच म्हणत आले होते.

"जिवंत आलात, बरं झालं," ते म्हणाले.

रीतीप्रमाणे बाटली घ्यायला त्यांनी दोन्ही हात पुढे केले. हात बाटलीपर्यंत गेलेच नाहीत. त्यांनी तिच्या दोन्ही बाह्या धरल्या, आणि बराच वेळ झाला तरी सोडल्या नाहीत.