विषयपत्रिकेबाहेरचा विषय

केजच्या स्टँडावर अंबाजोगाईची बस लागली आणि गर्दी दाराकडं पळाली. मी खिडकीतून पिशवी आत टाकून सीट धरली. तेवढ्यात माझ्या डोक्यावरून एक हात आत गेला आणि पिशवीवर रुमाल ठेवून बाहेर आला.

आत जाऊन बघते तर त्या हाताचा धनी सीटजवळ उभा. उंच, सावळा, सदरा घामानं पाठीला चिकटलेला.

"पिशवी खाली हाय, रुमाल वर हाय," तो म्हणाला. "मग सीट कुणाची?"

"ज्याचं सामान आधी पडलं त्याची."

"बरं. तुमी खिडकीला बसा, मी कडंला बसतो."

खिडकीतून उन्हाच्या झळा येत होत्या. बस निघाली तसा धुरळा सरळ माझ्या तोंडावर आला. मी पदर ओढून घेतला. तो हसू दाबत समोर बघत राहिला.

"अंबाजोगाईला दवाखान्यात का?"

"ट्रेनिंगला."

"नर्सिंगच्या?"

"सरपंचांच्या."

आता त्यानं मान वळवून नीट बघितलं. "सरपंच तुमी का तुमचे मालक?"

"मालक न्हाईत. सरपंच मीच."

"दोन्ही गोष्टी ऐकून बरं वाटलं," तो म्हणाला... आणि लगेच कंडक्टरकडं बघायला लागला. मला राग यायला पाहिजे होता. आला नाही, याचंच नवल वाटलं.

"गाव कोणतं?" थोड्या वेळानं त्यानं विचारलं.

"सावळगव्हाण."

त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. "मी लिंबधाऱ्याचा. उत्तरेश्वर. मी पण सरपंचच हाय. त्याच ट्रेनिंगला निघालोय."

मी मांडीवरची पिशवी जवळ ओढली.

लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं, तो हा उन्हाळा. सलग दुसरं वर्ष कोरडं गेलं होतं आणि आमच्या सावळगव्हाणात एकाही विहिरीला पाणी राहिलं नव्हतं. लिंबधारा आमच्या शेजारचं गाव. तिथल्या शिवारातली एक विहीर तहसीलदारांनी आमच्या टँकरसाठी ठरवून दिली होती. पण त्याच विहिरीवर लिंबधाऱ्याच्या सहकारी दूध संस्थेची जनावरं जगत होती. मागच्या आठवड्यात लिंबधाऱ्याच्या लोकांनी आमचा टँकर रिकामाच माघारी लावला होता.

"टँकर माघारी लावला तेव्हा तुमी कुठं होता?" मी विचारलं.

"चारा आणायला गेलतो."

"आणि आल्यावर?"

त्यानं तिकिटाची घडी घालून ते खिशात टाकलं. होळचा घाट आला, गेला. अंबाजोगाई येईपर्यंत आम्ही दोघं एकाच सीटवर बसून दोन गावांइतके लांब होतो.

* * *

ट्रेनिंग तीन दिवसांचं होतं. मला रुद्रप्पाकाकांनी सरपंच केलं होतं. "सह्या तू कर, बाकीचं मी बघतो," असं ते पहिल्याच दिवशी म्हणाले होते, आणि वर्षभर तसंच चाललं होतं. आमचं किराणा दुकान, माझे वडील अप्पा स्वभावानं गरीब. मोठ्या भावाच्या शब्दाबाहेर ते कधी गेले नाहीत.

शिकवायला लोमटे मॅडम होत्या. पन्नाशीच्या, बारीक अंगाच्या. पण बोलायला लागल्या की मागच्या रांगेतले फोन खिशात जात. सभा कशी बोलवायची, विरोध करणाऱ्याला आधी का बोलू द्यायचं, ठराव मतदानाला कसा टाकायचा, हे त्यांनी पहिल्या दिवशी शिकवलं. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "आता खोटी ग्रामसभा घेऊ. पण भांडण खरं पाहिजे. कुणाचं हाय?"

कुणीतरी आमच्या दोघांकडं बोट दाखवलं. हॉलभर हशा पिकला. मॅडम हसल्या नाहीत.

"छान. शिवकांता, तू लिंबधाऱ्याची सरपंच. उत्तरेश्वर, तुमी सावळगव्हाणचे. चहानंतर सुरुवात करू."

चहाच्या वेळी मी व्हरांड्याच्या टोकाला उभी होते. तो कप घेऊन आला. दोन हात अंतर ठेवून उभा राहिला.

"तुमच्या गावाची बाजू मांडायचीय," तो म्हणाला. "पण मला माहीत काय हाय? सांगता का... तुमच्याकडं पाणी कसं भरतात ते?"

मला वाटलं टाळावं. पण तो खरंच विचारत होता. मग मी सांगितलं. टँकर कोरड्या विहिरीत रिकामा करतात. बाया काठावर दाटीवाटीनं उभ्या राहून पोहरे सोडतात. त्या रेटारेटीत भिवराबाई नावाची आमची म्हातारी पायऱ्यांवर पडली, तिचा हात मोडला. हात प्लॅस्टरमध्ये असताना ती दुसऱ्या दिवशी परत आली, कारण तिच्या घरात पाणी भरणारं दुसरं कुणी नव्हतं.

तो ऐकत होता. कपातला चहा तसाच.

"आणि तुमच्याकडं?" मी विचारलं.

"दावणीला बांधलेलं जनावर रात्रभर हंबरतं," तो म्हणाला. "मालक दुसऱ्या अंगाला वळून झोपायचं सोंग करतो. डेअरी हाय म्हणून गावातलं कुणी अजून ऊसतोडीला, पुण्याला गेलं न्हाई. जनावरं गेली की गाव गेलं."

खोट्या सभेत तो उभा राहिला आणि भिवराबाईंबद्दल बोलला. नाव घेऊन, सावकाश, आवाज न चढवता. माझ्याच गावचं दुःख मी पहिल्यांदा समोर बसून ऐकत होते. पण मला लिंबधाऱ्याच्या बाजूनं बोलायचं होतं. मी उठले, त्या हंबरणाऱ्या जनावरांचं सांगितलं आणि म्हणाले, "पाणी देता येणार न्हाई."

नाही म्हणणं इतकं सोपं असतं, याचीच मला भीती वाटली.

"आता दोघं एका टेबलावर बसा," मॅडम म्हणाल्या. "आणि तोड काढा."

संध्याकाळपर्यंत आम्ही डोकी लावून बसलो. पहाटे जनावरांचं पाणी, ते झाल्यावर टँकर, दुपारभर विहिरीला विश्रांती. पाणी उपसताना दोन्ही गावांचा एकेक माणूस हजर. आमच्या बाजूनं, सावळगव्हाणच्या आटलेल्या तलावात तळाच्या ओलीवर उगवलेलं गवत डेअरीच्या जनावरांना. कागदावर रेघा मारताना एकदा त्याचा हात माझ्या हाताला लागला. दोघांनीही हात काढला नाही... आणि मग दोघांनीही एकदमच काढला.

"तुमी लई भांडता," तो हळूच म्हणाला.

"गावासाठी."

"गावासाठीच भांडत राहा. मला ऐकायला चालतंय."

* * *

तिसऱ्या दिवशी दुपारी अप्पांचा फोन आला. "शिवे, तुझ्या काकानं लिंबधाऱ्याची दुधाची गाडी आपल्या फाट्यावर अडवलीय. पाणी न्हाई तर दूध न्हाई म्हणतोय. तिकडून माणसं निघालीत म्हणं, काठ्या घेऊन."

मी हॉलबाहेर धावले. उत्तरेश्वर तिथंच उभा होता, फोन कानाला लावून. त्यानं फोन खाली घेतला.

"तुमाला माहीत होतं?"

"न्हाई."

"काल सांजच्याला तुमाला फोन आलता. तुमी बाहेर जाऊन बोलल्या."

"आईचा होता."

त्यानं फोन खिशात टाकला. त्याच्या नजरेतलं ते परकेपण मला उन्हापेक्षा जास्त लागलं. आदल्या दिवशी ज्या माणसानं माझ्या गावाचं दुःख स्वतःच्या तोंडानं सांगितलं, तोच आता माझ्यावर विश्वास ठेवावा की नाही हे ठरवत होता.

"बसनं गेलो तर उशीर होईल," शेवटी तो म्हणाला. "दोस्ताची गाडी हाय. येता का?"

मोटारसायकलवर मागं बसून मी कॅरिअर घट्ट धरलं. सगळ्या वाटेत आम्ही एक अक्षर बोललो नाही. दोन्ही बाजूंना काळी, भेगाळलेली रानं. वारा गरम. त्याच्या पाठीकडं बघत मी मनात सारखं म्हणत होते, मला माहीत नव्हतं... मला खरंच माहीत नव्हतं.

फाट्यावर रस्त्यात आडवी बैलगाडी लावली होती. पलीकडं दुधाचा टेम्पो, उन्हात तापणारे कॅन. अलीकडं आमच्या गावची माणसं, पुढं रुद्रप्पाकाका. लिंबधाऱ्याकडून माणसांचा घोळका येताना दिसत होता. उत्तरेश्वर गाडी टाकून त्यांच्याकडं पळाला आणि दोन्ही हात पसरून त्यांच्या वाटेत उभा राहिला.

मी काकांसमोर गेले. "काका, टेम्पो जाऊ द्या."

"तू घरी जा."

"मी सरपंच म्हणून सांगतेय."

"तुला सरपंच कुणी केलं?"

"तुमीच. आता होऊ पण द्या."

माणसांत कुणीतरी हसलं. काकांचा चेहरा काळवंडला. "त्या पोराच्या मागं बसून आलीस, आणि मला शिकवतीस?"

कान तापले माझे. मी सरळ बैलगाडीकडं गेले आणि जू उचलून ओढायला लागले. गाडी जागची हलेना. माणसं नुसती बघत होती. तेवढ्यात माझ्या शेजारी कुणीतरी येऊन जुवाला हात घातला. एकच हात. दुसरा प्लॅस्टरमध्ये होता.

"वढ, पोरी," भिवराबाई म्हणाली. "दूध सांडून मला पाणी मिळणार हाय का?"

मग चार बाया आल्या, मग आणखी. गाडी कुरकुरत बाजूला झाली. टेम्पो निघून गेला आणि पलीकडच्या काठ्या हळूहळू खाली आल्या. उत्तरेश्वर लांबून माझ्याकडं बघत होता. त्याच्या नजरेत आता संशय नव्हता. जे होतं त्याच्याकडं मला बघवेना.

* * *

चार दिवसांनी त्यानं पाण्याच्या पाळ्यांचा ठराव मांडायला लिंबधाऱ्यात ग्रामसभा बोलावली आणि मला निमंत्रण दिलं. मी भिवराबाईंना घेऊन गेले. मारुतीच्या पारासमोर गाव जमलं होतं. डेअरीचे चेअरमन रामकिसनअण्णा पहिल्याच रांगेत. ते उत्तरेश्वरचे सख्खे चुलते. त्यांच्याच पॅनेलनं त्याला सरपंच केलं होतं. तिथं ठराव पडला तर त्याच्यावर अविश्वासाचा ठराव येणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं.

त्यानं ट्रेनिंगमध्ये शिकल्याप्रमाणं विरोध करणाऱ्यांना आधी बोलू दिलं. लोक तासभर तोंडसुख घेत होते. मग मी उठले. पाण्याच्या पाळ्या सांगितल्या, तलावातल्या गवताचं सांगितलं. 

रामकिसनअण्णा उठले. "पोरगी चांगली बोलती. पण आमाला एकच सांग, उत्तरेश्वर. कावून एवढी घाई? दोघं संगं ट्रेनिंगला गेलता, संगं गाडीवर आलात. हे विहिरीचं काम हाय का तुझ्या मनाचं?"

सभेत चुळबूळ झाली. निघून जावं वाटलं, पण निघाले असते तर पाणीही माझ्याबरोबर निघून गेलं असतं.

उत्तरेश्वरनं समोरचं रजिस्टर मिटलं.

"अण्णा, दोन गोष्टी हायत," तो म्हणाला. "विहिरीची गोष्ट सभेची हाय. दुसरी... दुसरी माझी हाय. ती खरी हाय. पण ती मी अजून त्यांनाच विचारली न्हाई, तर तुमाला काय सांगू?"

पाराच्या पिंपळावर एक कावळा तेवढा ओरडत होता.

"तुमाला शंका हाय, तर मी या खुर्चीवर बसून मतं मोजणार न्हाई." तो खुर्चीवरून उठला. "छबुबाई, तुमी उपसरपंच हाव. या, बसा. सभा तुमी चालवा." आणि तो जाऊन सतरंजीवर, सगळ्यांच्या मागं बसला.

छबुबाई पदर सावरत आली. तिनं माझ्याकडं बघितलं. "पाव्हण्या सरपंचबाईंना काही बोलायचंय का?"

सगळी सभा माझ्याकडं वळली. तोही बघत होता. मान खाली घालून, पण बघतच होता.

"पाण्याबद्दल सांगून झालं," मी म्हणाले. "दुसरा विषय आजच्या विषयपत्रिकेवर न्हाई."

बायांत खसखस पिकली. एक म्हातारा मोठ्यानं हसला आणि सभेचा ताण एकदम सैल झाला. छबुबाईनं हात वर करायला सांगितलं. पहिल्यांदा हात कमी दिसले. मग बायांच्या बाजूनं एकेक हात वर यायला लागला. ज्यांची जनावरं होती त्यांचेही. छबुबाईनं दोनदा मोजलं.

"ठराव मंजूर," ती म्हणाली.

रामकिसनअण्णांनी हात वर केला नव्हता. पण जाताना ते भिवराबाईंपाशी थांबले आणि हात कसा आहे ते विचारून गेले.

उत्तरेश्वर आम्हाला शिवेपर्यंत सोडायला आला. भिवराबाई शहाणी. ती मुद्दाम भरभर पुढं चालत राहिली.

"मी तुमच्यावर त्या दिवशी संशय घेतला," तो म्हणाला. "चुकलं माझं."

"चुकलंच."

"आज सगळ्यांसमोर बोलून गेलो. तुमाला न विचारता. ते पण चुकलं का?"

मी थांबले. "मी लिंगायताची, तुमी मराठ्याचे. माझे काका हायत, तुमचे अण्णा हायत. त्या सभेत हात वर करून चालणार न्हाई."

"माहीत हाय. तरी विचारतो..." तो अडखळला. सभा गाजवणारा माणूस पायानं माती उकरायला लागला. "तुमचं उत्तर काय?"

"अप्पांना मी स्वतः सांगणार. तुमी मधी कुणाला पाठवायचं न्हाई."

"पण उत्तर?"

"उत्तर न्हाई असतं तर अप्पांना काय सांगायचं होतं?" असं म्हणून मी चालायला लागले. मागं वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर त्या उन्हात तिथंच उभी राहिले असते.

त्या दिवशी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. अप्पा तागडीची पारडी पुसत बसले होते. मी सगळं सांगितलं. ते पारडी पुसतच राहिले, पुसून झालेलंही परत पुसत.

"रुद्रप्पा गप्प बसणार न्हाई," शेवटी ते म्हणाले.

"मला माहीत हाय."

"त्याला आजवर मी कशालाच न्हाई म्हणालो न्हाई." त्यांनी फडकं खाली ठेवलं. "आता म्हणून बघतो. पण तुझ्या आईला मी सांगतो, तू सांगू नकोस. तू सांगितलंस तर तिला वाटंल, ठरलंच हाय."

"ठरलंच हाय, अप्पा," मी म्हणाले.