निद्रासुकाणू

यंत्राला माणसाच्या झोपेची किंमत कळली, तो क्षण मानवी इतिहासात चाकाच्या शोधाइतकाच मोठा मानला जाईल. निदान माहितीपुस्तिकेत तसं छापलं होतं. डॉ. रेवती मोंडकरांनी ती पुस्तिका टेबलाच्या आखूड पायाखाली सरकवली. टेबल डुगडुगायचं थांबलं. मग त्या समोरच्या दांपत्याकडे वळल्या.

"होडी केवढी आहे?"

"दोघांपुरती," श्रीरंगराव बांदिवडेकर म्हणाले. "शिडाची. लक्षद्वीपला जायचंय."

"आणि पाळ्या लावायच्या नाहीत," कुमुदताईंनी जोडलं.

हा मुद्दा महत्त्वाचा होता. श्रीरंगरावांनी सगळी नोकरी वेधशाळेत दिवसपाळीला काढली होती आणि कुमुदताईंनी इस्पितळात, मेट्रन म्हणून, रात्रपाळीला. त्यांचा संसार झाला तो उंबऱ्यावर. एक आत येताना, दुसरं बाहेर पडताना. अंथरूण एकच होतं आणि ते कधी गार पडत नसे. निवृत्तीनंतर एकत्र जागायचं आणि एकत्र झोपायचं, एवढ्याच मोहापायी श्रीरंगरावांनी होडी घेतली. समुद्रात उंबरा नसतो, असा त्यांचा हिशेब. पण होडी शिकवणारा पहिल्याच दिवशी म्हणाला, "दोघंच असाल तर एकानं झोपायचं, एकानं सुकाणू धरायचं." त्यावर कुमुदताई म्हणाल्या, "मग मी आपली इस्पितळातच परत जाते."

म्हणून हे स्वयंसुकाणू घ्यायला ते खाडीकाठच्या या प्रयोगशाळेत आले होते.

"हा दिशापाळ," डॉ. मोंडकरांनी एका दांडगट नळीवर हात ठेवला. "होकायंत्रावर जी दिशा द्याल ती सोडत नाही. प्रत्येक लाटेशी भांडतो, आणि भांडताना कण्हतो."

"आमच्या आत्याबाई," श्रीरंगराव म्हणाले.

"हा वारापाळ. याला वीज लागत नाही. वाऱ्याशी कोन धरून राहतो, वारा फिरला की हाही फिरतो. लक्षद्वीपला निघालात आणि मध्येच वारा बदलला, तर डोळे उघडाल तेव्हा मस्कत."

"हे माझे भाऊजी," कुमुदताई म्हणाल्या. "तिसरं दाखवा."

तिसरं यंत्र जेवणाच्या डब्याएवढं होतं. सोबत कपाळाला बांधायच्या दोन मऊ पट्ट्या.

"होडी नीट चालली आहे की नाही, हे सगळ्यांत आधी कुणाला कळतं?" डॉ. मोंडकरांनी विचारलं.

"सुकाणू धरणाऱ्याला."

"नाही. झोपलेल्याला. लाट चुकीच्या अंगानं घेतली की होडी हिसका देते. जागा माणूस तो सोसतो. झोपलेला सोसत नाही, त्याची झोप उथळ होते. झोप हाच याचा संवेदक. ही निद्रापट्टी झोपेची खोली मोजते, आणि सुकाणू एवढंच पाहतं, की मुक्कामाकडे जाता जाता झोप जास्तीत जास्त खोल कशी राहील."

"आणि दोघं झोपलो तर?"

"दोघांच्या झोपेची बेरीज. ती वाढवत राहायचं."

"समोरून जहाज आलं तर?"

"भोंगा वाजेल. तेवढ्यापुरती झोपमोड माफ आहे."

श्रीरंगरावांना ती बेरीज फारच आवडली. आपल्या दोघांची कुणी कशात बेरीज केल्याचं त्यांच्या ऐकिवात नव्हतं.

"शिकवावं लागतं का याला?"

"घरीच महिनाभर पट्ट्या बांधा, दिवसरात्र. तुमची झोप कशानं खोल जाते, ते आपोआप शिकेल. मात्र मुद्दाम काही करू नका. नेहमीसारखे झोपा."

"अगदी नेहमीसारखे?"

"अगदी."

दोघंही नोकरीत सूचना पाळण्याबद्दल प्रसिद्ध होते. ती त्यांनी पाळली.

मग श्रीरंगरावांनी सुकाणूच्या दांड्याला भोक पाडून यंत्राचा हात त्यात अडकवला. कुमुदताईंनी यंत्राला हळदकुंकू लावलं. नारळ फोडताना पाणी तारांच्या जोडणीत जाऊ नये, म्हणून श्रीरंगरावांनी वर छत्री धरली. दिवा तांबडा लागला, म्हणजे यंत्र तयार होतं. चालू झालं की तो हिरवा होणार होता.

किनारा मागे पडून पुसट झाला, तेव्हा वारा मागून आणि जरा तिरका होता. तो डाव्या अंगानं घ्यायचा की उजव्या, हे सुकाणूच्या मर्जीवर. पाणी असं निळं, की त्यात बघता बघता आपण काय बोलत होतो ते विसरावं. सोलकढीभात झाला. दोघं आतल्या दोन अरुंद बाकांवर, समोरासमोर, पट्ट्या बांधून आडवे झाले. मधे हात पोचेल एवढंच अंतर. हात पोचला.

"अहो, तुमचे केस पांढरे झालेत की सगळे," कुमुदताई म्हणाल्या. "उन्हात पहिल्यांदाच पाहतेय."

श्रीरंगरावांना स्वप्न पडलं. वेधशाळेचा फुगा आकाशात चढतो आहे, त्याखाली यंत्राच्या जागी एक बाक आहे, आणि बाकावर कुमुद बसली आहे. ती खाली वाकून म्हणते, वर या ना, इथं दिवसही आहे आणि रात्रही. ते चढू लागले. ढग कापसासारखे पायाखाली दबत होते. शेवटच्या ढगावर त्यांनी पाय ठेवला, आणि ते फळीवर आपटले.

होडीनं वाऱ्याची बाजू बदलली होती. त्यांचा बाक उंच झाला होता आणि कुमुदताईंचा खाली गेला होता. त्या होडीच्या कुशीत पाळण्यात असल्यासारख्या विसावल्या होत्या, आणि त्यांचा श्वास श्रीरंगरावांनी कधी ऐकला नव्हता इतका संथ होता.

श्रीरंगरावांनी कोपर चोळलं. दिवा हिरवा होता. ते बाहेर येऊन बसले. एकट्यानं सूर्यास्त पाहिला, फार सुंदर होता. मग थंडी वाजू लागली म्हणून आत येऊन झोपले. थोड्या वेळानं होडी दुसऱ्या अंगावर कलली आणि कुमुदताई फळीवर आल्या.

"मेल्या!" त्या यंत्राला म्हणाल्या, आणि मग श्रीरंगरावांच्या अंगावर पांघरूण घालून बाहेर जाऊन बसल्या.

दुसऱ्या दिवशीही तेच. त्यांनी बाक बदलले, यंत्रानं बाजू बदलली. शेवटी श्रीरंगरावांनी उपग्रहफोन लावला.

"तुमचं यंत्र एकाला पाडतं हो!"

"मुद्दाम?"

"शिस्तीत. आळीपाळीनं."

पलीकडे डॉ. मोंडकरांच्या कळफलकाची टकटक झाली. बहुधा नोंदी पाहत असाव्यात. "त्या महिन्यात तुम्ही एकाच वेळी झोपला होतात का?"

"आम्ही नेहमीसारखे झोपलो."

"म्हणजे?"

"मी रात्री. ही दिवसा. सवय जात नाही हो."

"मग यंत्राचं चुकलेलं नाही. तुम्ही गाढ झोपलात त्या प्रत्येक वेळी बाई जाग्या होत्या, आणि त्या झोपल्या तेव्हा तुम्ही. त्यानं पाहिलं, की एक जागं असलं की दुसऱ्याची झोप खोल जाते. दोघं उथळ झोपण्यापेक्षा एकच खोल झोपलेलं बरं, बेरीज जास्त येते. म्हणून ते एकाला उठवतं."

कुमुदताईंनी फोन घेतला. "आम्हाला झोपायचंच नाही आता. दोघं जागेच बसणार. मग काय करेल?"

"दोघं जागे असाल तर त्याला मोजायलाच काही नाही. ते बंद राहील. सुकाणू हातानं धरावं लागेल."

श्रीरंगरावांनी वेधशाळेतल्या सवयीनं शक्यता मांडून पाहिल्या. दोघं जागे, तर यंत्र बंद. दोघं झोपले, तर ते एकाला उठवणार. उरलं एक जागं, एक झोपलेलं. तेव्हा ते उत्तम चालणार, आणि तेव्हा जागं माणूस सुकाणूपाशी बसलेलंच असणार.

"मग याचा उपयोग काय?" त्यांनी विचारलं.

"झोप फार छान लागते," डॉ. मोंडकर म्हणाल्या. "तसं सगळेच सांगतात."

पहाटे दोघं सुकाणूपाशी येऊन बसले. दांड्यावर दोघांचे हात, कपाळांवर पट्ट्या तशाच, दिवा तांबडा. पूर्वेला आधी राखाडी, मग कोवळं केशरी असं काहीतरी पाण्यातून वर येऊ लागलं. होडी त्याच्या कडेनं सरकत होती की ते होडीच्या, कळत नव्हतं. उडते मासे पाण्याबाहेर येऊन चमकले आणि परत गेले.

"इतक्या वर्षांत पहिल्यांदा," श्रीरंगराव म्हणाले. "एकाच सकाळी दोघं जागे."

"हं," कुमुदताई म्हणाल्या. "अहो, मी काय म्हणते, आता आपण रोजच..."

श्रीरंगराव पुढच्या शब्दाची वाट पाहत राहिले. सूर्य पूर्ण वर आला. त्यांच्या खांद्यावर हळूहळू कुमुदताईंच्या डोक्याचं वजन आलं. रात्रपाळी संपायची ती हीच वेळ.

दिवा हिरवा झाला. सुकाणूचा दांडा श्रीरंगरावांच्या हातातून अलगद सुटला आणि आपला आपण वळू लागला.

यंत्रात काहीही बिघाड नव्हता.