डावा हात खिशात

माझ्या सगळ्या पँटींचा डावा खिसा आधी फाटतो. माझी बायको एतेल्का त्यावरून मला लग्न झाल्यापासून टोचत आलीय. "लोकांच्या पँटी गुडघ्यावर झिजतात, तुझी खिशात. काय लपवतोस रे तिथे एवढं?"

लपवत काही नाही, हात ठेवतो. व्हॉल्व्हची, म्हणजे काचेच्या नळ्यांची, जुनी यंत्रं उघडून बसणाऱ्या प्रत्येकाला पहिला धडा हाच मिळतो. यंत्र चालू असेल तेव्हा काय ते उजव्या हाताने करायचं, डावा हात खिशात. दोन्ही हात आत घातले आणि झटका बसला, तर वीज एका हातातून शिरून दुसऱ्यातून निघते आणि वाटेत काळीज लागतं. एकाच हाताने काम केलं तर बोट भाजतं, तोंडात शिव्या येतात, पण माणूस संध्याकाळी जेवायला घरी जातो. हे मला देझ्यो बाचींनी शिकवलं. बाची म्हणजे काका, पण ते माझे सख्खे काका नव्हेत, शेजारच्या गॅरेजचे मालक. पण अख्खी रांग त्यांना बाचीच म्हणायची.

डॅन्यूबकाठच्या एस्टरगोममध्ये आमच्या वसाहतीच्या मागे गॅरेजांची लांबलचक रांग आहे. गाडी त्यातल्या फार थोड्यांत असते. कुणी कोबी खारवतो, कुणी बायकोपासून लपून सिगारेट ओढतो. मी आणि देझ्यो बाची जुने ऑसिलोस्कोप दुरुस्त करायचो. विजेची लाट पडद्यावर हिरव्या रेषेत दाखवणारं यंत्र. हल्ली हे काम तळहातावर मावणाऱ्या डबीत होतं, पण आम्हाला दोघांनी मिळून उचलावं लागेल असं, तापलं की धुळीचा आणि लाखेचा वास सोडणारं धूड हवं असायचं. मी पंपघरात मोटारी सांभाळून निवृत्त झालेला माणूस. कशाने काय होतं हे कळल्याशिवाय मला झोप येत नाही.

त्या वर्षी द्राक्षं काढून झाल्यावर रविवारच्या बाजारात असंच एक धूड मिळालं. कुणाचं तरी घर रिकामं केलेलं, विकणाऱ्याला काही पत्ता नाही. लोणच्याच्या बरण्यांच्या जोडीला त्याने ते माझ्या गळ्यात मारलं. कारखान्याच्या नावाची पट्टी कुणीतरी काढून टाकली होती. सगळं यंत्र काळवंडलेलं, पण पुढच्या बाजूला तपासायची तार जोडतात ती पितळी खुंटी मात्र लख्ख होती. चर्चमधल्या मूर्तीचा पाय लोक हात लावून लावून झिजवतात ना, तशी.

"याला कुणीतरी फार कुरवाळलंय रे," देझ्यो बाची म्हणाले.

आत उंदरांचं घरटं निघालं. फुगलेले कपॅसिटर मी बदलले. कपॅसिटर म्हणजे वीज साठवून ठेवणारी डबी. मोठी डबी पूर्ण रिकामी केली तरी थोड्या वेळाने तिच्यात थोडी वीज आपोआप परत येते. जुनी आठवण म्हणा. म्हणून बंद यंत्राशीही आम्ही डावा हात खिशात ठेवूनच बोलतो. मग वीज थोडीथोडी चढवत नेली. पडद्यावर हिरवा ठिपका उमटला, पसरून त्याची रेषा झाली.

यंत्र सुरू झालं की आमच्या रांगेत त्याचं बारसं होतं. प्रत्येकाने पालिंकाचा, म्हणजे फळांच्या कडक दारूचा, एक पेला मारायचा आणि खुंटीला बोट लावायचं. भिंतीतल्या तारांमधली वीज आपल्या अंगातही हलकेच गुणगुणत असते. बोट लावलं की तीच गुणगुण पडद्यावर लाट होऊन उभी राहते. यात जादूबिदू काही नाही. कोंबडीची सोललेली तंगडी हातात धरून लावली तरी लाट येते. कुलुपं दुरुस्त करणाऱ्या वेंदेलने एकदा लावून पाहिली होती.

माझी लाट पडद्यावर आखलेली चार घरं उंच आली. वेंदेलची साधारण तेवढीच.

देझ्यो बाचींनी बोट लावलं. रेषा सरळच राहिली.

"काय हो बाची, बिल नाही भरलंत वाटतं! वीज तोडली तुमची," वेंदेल म्हणाला.

"गप रे. अजून एक पेला ओत, मग बघ कसा नाचवतो."

पेला झाला. हात ओला करून झाला, रबरी बूट काढून झाले. रेषा हलली नाही. मग आम्ही त्यांच्या गॅरेजात गेलो, तिथल्या यंत्राला बाचींनी बोट लावलं. तिथे मस्त लाट. परत इकडे आलो, सपाट.

"तुझ्या या बयेला मी पसंत नाही," बाची हसून म्हणाले. "नीट तपास. आतली जोडणी सैल असणार."

मी तपासली. सैल नव्हती.

त्याच आठवड्यात देझ्यो बाची गेले. आपल्या गॅरेजात खुर्चीत बसलेले, रेडिओ चालू, समोर उघडलेलं यंत्र. डॉक्टर म्हणाले, हृदय. ऐंशी पार केलेल्या माणसाच्या बाबतीत दुसरं काय म्हणणार? डावा हात खिशातच होता, मूठ आवळलेली. तो बाहेर काढायला मला आणि वेंदेलला शेवटी खिसा उसवावा लागला. मला रडू आलं. वेंदेलसमोर आलं याची लाज वाटली नाही.

त्यांची म्हातारी कुत्री मोर्झा एतेल्काने आमच्याकडे आणली. बाची नाहीत, म्हणून ती दिवसभर माझ्या मागे गॅरेजात यायची. एकदा गंमत म्हणून मी तिचा पंजा खुंटीला टेकवला. कोंबडीच्या तंगडीला येते ती लाट मोर्झाला आली नाही.

लगेच मी स्वतःचं बोट लावलं. चार घरं.

मोर्झा त्याच आठवड्यात स्वयंपाकघरात टेबलाखाली मेली. "मालकाच्या मागे गेली बिचारी," एतेल्का म्हणाली. मीही हो म्हणालो. म्हातारं कुत्रं, म्हातारा माणूस. दोन गोष्टी एकापाठोपाठ घडल्या म्हणून एकीमुळे दुसरी घडली असं होत नाही, हे मी पंपघरात पोरांना ओरडून सांगायचो. तरी मी यंत्राच्या पडद्यावर फडकं टाकलं आणि दुसऱ्या कामाला लागलो.

पण दमट हवेत अशी यंत्रं अधूनमधून तापवावी लागतात. डॅन्यूबवर धुकं बसलं होतं त्या दुपारी मी ते चालू केलं, पडद्यावर फडकं तसंच ठेवून. एतेल्का गरम पोगाचा पाव घेऊन आली.

"अरे, हे माझं फडकं! महिनाभर शोधतेय मी. तुझ्या भंगाराला पांघरूण हवं होय?" तिने ते ओढून काढलं. "आणि हीच का ती खुंटी, ज्यावर तुम्ही दारू पिऊन बोटं ठेवता?"

मी नको म्हणेपर्यंत तिने बोट ठेवलं होतं.

रेषा सरळ होती.

"हे बघ. मीही देझ्यो बाचींसारखीच." ती हसली. "तुझी दुरुस्ती म्हणजे तशीच."

"तार सैल आहे," मी म्हणालो.

ती गेल्यावर मी गॅरेजचं दार लावून घेतलं आणि खाली जमिनीवर बसलो. मला भीती वाटली. दुसरा शब्द नाही. या बाईशिवाय मी कसा जगेन, हा विचार मी तोवर कधी केलाच नव्हता, कारण आधी मीच जाणार असं धरून चाललो होतो.

दुसऱ्या दिवशी तिला डॉक्टरकडे नेलं. काहीतरी सबब सांगितली. त्यांनी सगळं तपासलं आणि माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "यांना काही झालेलं नाही. तुम्हीच जरा वजन कमी करा."

बाहेर आल्यावर एतेल्का म्हणाली, "मला मारायची फार घाई झालीय वाटतं तुला?"

मी हसलो नाही. ती माझ्याकडे जरा वेळ बघत राहिली.

मी तिला गॅरेजात घेऊन आलो. म्हटलं, यंत्र ठीक झालंय, पुन्हा लाव बरं बोट. तिने लावलं. सपाट. माझा उजवा हात यंत्रावर होता, डावा खिशात. इतक्या वर्षांत चालू यंत्रासमोर मी तो कधी बाहेर काढला नव्हता. त्या वेळी काढला आणि तिचा दुसरा हात धरला.

लाट आली. चार घरं नाही, चांगली दोन.

यात नवल नव्हतं. माझी गुणगुण तिच्या अंगातून पुढे गेली, एवढंच. मी हात सोडला की ती गेली पाहिजे. मी सोडला.

लाट गेली नाही. हळूहळू उतरत गेली, डबीतली वीज उतरावी तशी. पार खाली जायला बराच वेळ लागला.

"झालं का तुझं? सूप गार होईल," एतेल्का म्हणाली.

त्यानंतर मी तिला रोज दुपारी गॅरेजात बोलवायला लागलो. कधी दिवा धर म्हणून, कधी चष्मा सापडत नाही म्हणून. बोट खुंटीवर, हात माझ्या हातात.

"म्हातारपणी चळ लागलाय तुला," ती म्हणायची. "नवीन नवरी असताना कधी हात धरला नाहीस. तेव्हा खिशात होता."

"तेव्हा अक्कल नव्हती."

"आणि आता आलीय?" असं म्हणायची, पण हात काढून घ्यायची नाही.

तो आठवडा गेला. एतेल्काला काही झालं नाही. नाताळ झाला, फिश सूप तिने नेहमीसारखं तिखटजाळ केलं. हात सोडल्यावर लाट टिकून राहायला लागली. मग उतरेनाशीच झाली. तिची दोन घरं, आणि मी बोट लावलं तर माझीही दोनच.

मला ते पटलं. भरलेली डबी रिकाम्या डबीला जोडली की निम्मं निम्मं होतं आणि तिथे थांबतं. शाळेतलं पोरही सांगेल. मी मनात म्हटलं, चला, निम्मं तर निम्मं, जेवढं आहे तेवढं दोघांत.

ते तिथे थांबलं नाही.

तिची अडीच झाली. माझी दीड.

मी सगळे व्हॉल्व्ह बदलून पाहिले. वेंदेलला बोलावून बोट लावायला सांगितलं, त्याची चार. "तिहामेर बाची, तुम्ही फार उतरलात हो," तो जाताना म्हणाला. मला तर ठणठणीत वाटत होतं. फक्त हात गार असायचे.

मी एतेल्काला बोलवणं थांबवू शकलो असतो. एक दुपार थांबवून पाहिलंही. दुसऱ्या दिवशी तिची लाट थोडी खाली आली होती. मग पुन्हा कधी थांबवलं नाही. यात फार मोठं काही केलं असं नाही. तुम्हीही तेच केलं असतं.

बर्फ वितळलं तसं तिला उधाण आलं. तळघराला एकटीने चुना लावला, चर्चच्या टेकडीवर न थांबता चढली, वरून मला हाका मारत राहिली. मी मध्येच बाकावर बसलो होतो.

"काय रे, मला डॉक्टरला दाखवत होतास ना?"

आज दुपारी ती मी न बोलावता आली. हातात माझी पँट आणि सुई होती. गॅरेजच्या दारात उभी राहिली.

"तिहामेर, तुझा डावा खिसा हिवाळाभर फाटला नाही."

ती आत आली, पँट बाजूला ठेवली आणि यंत्राला बोट लावलं. भरगच्च चार घरं. मग बाजूला झाली.

"आता तू."

"कशाला? यंत्र ठीक आहे."

"तू लाव."

मी उजवं बोट लावलं. सकाळी लावून पाहिलं होतं, त्यामुळे मला माहीत होतं.

ती पडद्यावरच्या सरळ रेषेकडे बघत राहिली. एतेल्का मूर्ख बाई नाही, कधीच नव्हती. देझ्यो बाचींचं बारसं, मोर्झा, डॉक्टर, रोजची दुपार, सगळं तिने एकेक करून जोडलेलं मला तिच्या तोंडावर दिसलं. तिने एक बोट पुन्हा खुंटीवर टेकवलं आणि दुसरा हात माझ्यापुढे केला.

"दे हात."

"नको."

"तिहामेर, हात दे इकडे."

"यंत्र चालू आहे," मी म्हणालो. "चालू यंत्रासमोर डावा हात खिशात. सवय आहे मला."

तिने माझं मनगट दोन्ही हातांनी धरलं आणि ओढलं. तिच्यात आता खूप जोर आहे. पण खिसा तिनेच दुहेरी दोऱ्याने शिवलेला आहे, आणि आत मूठ आवळून धरली की हात बाहेर निघत नाही. हे मी देझ्यो बाचींचा हात काढताना पाहिलंय.