ज्योतीवरचा तळहात

प्रयोगशाळेतल्या तेहतीस आभासचष्म्यांवर वत्सलाबाईंनी आज सकाळीच चादर टाकून दिली होती. ते चष्मे लावले की रिकाम्या पात्रात आम्ल उकळताना दिसे, नुसत्या दांडीवर ज्योत उभी राही, आणि बाईंच्या पाठोपाठ मुलं आपल्या हातांनी प्रयोग करत. वर्षभरात कुणाला साधा चटका बसला नव्हता. पालकसभेत बाईंनीच ते कौतुकाने सांगितलं होतं.

आणि काल त्यांच्या वर्गातल्या रेवतीने घरी गॅसच्या ज्योतीत हात धरला. आई किंचाळेपर्यंत काढलाच नाही.

"तिला दुखलं कसं नाही हो?" बाईंनी विचारलं.

"दुखायचं की नाही, ते शेवटी मेंदू ठरवतो," मेंदूतज्ज्ञ डॉ. दलवाई म्हणाले. "चष्म्यातल्या ज्योतीत हजारदा हात गेला, काही झालं नाही. मेंदू शिकला, ज्योत दिसली की वेदनेचं दार लावून घ्यायचं. डोळे मिटले तर तिला चटका कळतो. बघत असली की नाही. मी याला वेदनालोप म्हणतो."

"अगं बाई! आणि माझी बाकीची एकतीस?"

"रेवतीचे स्पर्धेच्या तयारीत तीनशे तास झाले होते. या वर्गातल्या बाकीच्यांचे सत्तरच, इतर वर्गांचे त्याहून कमी. पण तपासल्याशिवाय मी काही बोलणार नाही."

बाईंनी मुलांना रांगेत उभं केलं, मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं आणि स्पिरिटचा खरा दिवा पेटवला. "आरती घेतो ना, तसा तळहात वर धरायचा. ज्योतीकडे बघत. पोळलं की काढायचा."

एकेक मूल पुढे येई. बाई श्वास रोखून मोजत. दोन... तीन... "आई गं!" प्रत्येक ओरडण्यासरशी त्यांना हायसं वाटे. तीस मुलं झाली.

राहिली शाल्मली. ती जागची हलेना.

"ये गं सोन्या."

"मला भीती वाटते. आधी तुम्ही, बाई."

"असं होय? बघ हं." भीती अजून शाबूत असलेलं लेकरू बघून बाईंना भरून आलं. ज्योतीकडे बघत त्यांनी तळहात धरला. "मोज तू."

"एक... दोन..." शाल्मली मोजत राहिली. "आठ... नऊ..."

टिपणं लिहिणाऱ्या डॉक्टरांनी एकदम मान वर केली. "बाई! चष्म्यातले तुमचे तास किती?"

"माझे? रोज सहा तासिका, वर्षभर," बाई शांतपणे म्हणाल्या.

आणि तेव्हा त्यांना करपल्याचा वास आला.