आवाज नसलेला व्हिडिओ

"जुनी डिस्क महिनाभर तरी तशीच ठेवा हं," दुरुस्तीवाला म्हणाला होता. "कुणी मागितली तरी द्यायची नाही."

"हो हो," ती म्हणाली. लक्ष सगळं चिमीकडे… लेकीने त्याचा स्क्रूड्रायव्हर तोंडात घातला होता.

खरं तर त्या दुकानात ती शिरली होती पावसाची सर चुकवायला. फाइलींनी गच्च भरलेला लॅपटॉप काखेत होताच, म्हणून सहज विचारलं. त्याने मोठी डिस्क बसवायला सुचवलं.

"उद्या घेऊन जा."

"छे हो! हा सोडून मी कुठेही जात नाही. यात चिमीचे बाबा आहेत."

तो गोंधळला. मग तिने सांगितलं. नवरा गेला तेव्हा चिमी पोटात होती. पोटाशी तोंड नेऊन तो लेकीशी बोलायचा, त्याचा एकुलता एक व्हिडिओ.

"मग तुम्हीही बसा," तो हळूच म्हणाला. आपली खुर्ची तिला दिली आणि स्वतः उपड्या बादलीवर बसून जुनं सगळं जसंच्या तसं नव्या डिस्कवर उतरवू लागला.

काही दिवसांनी तिचा फोन.

"एवढी मोठी डिस्क, तरी हा 'जागा नाही' म्हणतोय. फसवलंत की काय?"

"फसवलं असतं तर फोन उचलला असता?" तो हसला. "जुन्या डिस्कवरच्या कप्प्यांची मापंही तशीच उतरलीत. नवी जागा शेवटी रिकामी पडलीय. व्हिडिओंचा कप्पा तिकडे सरकवला की भरलेला पहिला कप्पा वाढेल. घरी येऊन करून देतो. जुनी डिस्क आहे ना?"

"आहे की." भावाने नेली होती, पण भाऊ काय परका? मागितली की देईल.

तो आला. काम सुरू केलं. "आता वायरला हात नको. बॅटरी मेलेली आहे, मध्येच बंद पडला तर सगळं जाईल."

चहा झाला, गप्पा रंगल्या.

"तुम्ही सारख्या घाबरता का हो?"

"आई झालात की कळेल."

"मी?"

दोघंही खळखळून हसली… आणि तेवढ्यात चिमीने वायर तोंडात धरली. काही सुचायच्या आत चिमीच्या आईने भिंतीवरचं बटण बंद केलं.

स्क्रीन काळी.

तिने भावाला फोन लावला. "ती डिस्क? अगं, पुसली की मी. सिनेमे भरलेत."

मग तो रोज संध्याकाळी येऊ लागला. चिमीला मांडीवर घेऊन एकेक फाइल शोधून काढायचा. तिचं बारसं, तिचं पहिलं पाऊल… सगळं हळूहळू परत येत होतं. दाराची बेल वाजायच्या आधीच हिचा हात केसांकडे जायचा.

"आज खरं तर काम नव्हतं," एकदा तो म्हणाला.

"मग?"

"मग… आलो."

ती चहाच्या भांड्याकडे बघत राहिली. गाल तापले होते ते वाफेनेच, असं तिने स्वतःला बजावलं.

शेवटी तो व्हिडिओ सापडला. नवऱ्याचे ओठ हलत होते. आवाज नव्हता.

"तेवढं नाही आलं," तो म्हणाला. "चूक माझी. मी वेगळी प्रत घ्यायला हवी होती."

चूक कोणाची ते तिला ठाऊक होतं.

"आज बोलू नये, पण… मला तुम्ही दोघी हव्या आहात."

"तुम्ही आलात की घर भरतं," ती म्हणाली. "पण तुम्हाला पाहिलं की ते नुसते हलणारे ओठ दिसतात हो… काय करू मी?"

त्याने मान हलवली. पायाला बिलगलेल्या चिमीची बोटं एकेक करून सोडवली आणि जिना उतरला.

तिला वाटलं होतं, तो नसला की जीव शांत होईल. झालं उलटंच. आता दोन माणसांची उणीव होती, आणि त्यातलं एक तिने स्वतः धाडलेलं. न राहवून ती दुकानात गेली, तर तिथे चाव्या बनवणारा बसलेला. "ते गेले. कुठे, ते नाही सांगितलं." फोनही बंद.

म्हणून तिची एक विनवणी आहे. तुमच्या गल्लीत कोणी नवा दुरुस्तीवाला आला असेल, कामाच्या नादात जेवायचं विसरणारा, तर जरा डोकावा. दुरुस्तीला काही नसलं तरी. तो बरा आहे का, तेवढं बघा.