केरीची जुई

पेडण्याहून केरीला जाणाऱ्या संध्याकाळच्या बसमध्ये शनिवारी पाय ठेवायला जागा नसते. गणपतीची चवथ होऊन गेली होती. पाऊस जाता जाता पुन्हा मागे वळून भुरभुरत होता, म्हणून खिडक्या बंद. आत ओल्या छत्र्यांचा आणि कुणाच्या तरी पिशवीतल्या गरम पावांचा वास कोंडला होता. गौरवीला नशिबाने बसायला मिळालं होतं. बस हलणार, एवढ्यात एक उंच तरुण धावत चढला. एका हातात छत्री, दुसऱ्यात रंगाचा जुना निळा डबा आणि डब्यात हातभर उंचीचं रोप. ड्रायव्हरने वळण घेतलं, तरुण झोकांडला आणि तो डबा थेट गौरवीच्या मांडीवर येऊन बसला.

“अरे देवा... सॉरी हां! जरा धरशात? माका दांडो धरूचो आसा.”

गौरवीने मानेनेच होकार दिला. मग तिचं लक्ष रोपाकडे गेलं. जाड, काळपट हिरवी, तुकतुकीत पानं... सुरंगी! आणि हा निळा डबा – त्याच्या काठावरचा खरचटलेला पांढरा पट्टा तिने फोनवर इतक्या वेळा पाहिला होता की डोळे मिटून काढून दाखवला असता.

हा तर सुदेश. सुर्ल्याचा सुदेश.

फेसबुकवर ‘परसदार’ नावाचा एक गट होता. परसात अबोली, शेवंती, कर्दळ लावणाऱ्या माणसांचा. पेडण्याची, डिचोलीची, पलीकडच्या वेंगुर्ल्याची माणसं त्यात होती. कुणाच्या अबोलीला कीड लागली, कुणाला मोगऱ्याची फांदी हवी झाली, की गटावर लिहायचं. मग कुणीतरी ओळखीच्या हातून फांदी पाठवायचं. हा गट चालवायची ‘केरीची जुई’. तिचं खरं नाव गटात कुणाला ठाऊक नव्हतं. फोटोच्या जागी जुईचा गजरा. पण लिहायची अशी फर्मास, की लोक फुलांसाठी यायचे आणि तिच्या दोन ओळींसाठी थांबायचे.

ही केरीची जुई म्हणजे गौरवी. पेडण्यात दातांच्या डॉक्टरांसाठी कवळ्या बनवतात, तिथे ती कामाला होती. मेण, साचे, घासकाम... दिवसभर तोंड उघडायची गरज नाही, हेच त्या कामाचं मोठं सुख. कारण गौरवी बोलताना अडखळायची, अगदी लहानपणापासून. ‘म’ अडायचा, ‘स’ अडायचा, आणि सगळ्यांत हट्टी तो ‘ग’. स्वतःचं नावच माशाच्या काट्यासारखं घशात आडवं व्हायचं. समोरचा आधी हसायचा, मग घाईने तिचा शब्द पुरा करून द्यायचा. गटावर मात्र तिच्या बोटांना कुणी घाई करत नव्हतं. तिथे ती थट्टा करायची, भांडायची, रडणाऱ्याची समजूतही घालायची.

सुदेश गटावर आला तो एका फोटोसकट. खाणीच्या धुळीने लाल झालेली मोगऱ्याची पानं, आणि खाली एकच ओळ – ‘हे जगेल का हो?’ तिने लिहिलं होतं, ‘पानं पुसा, मुळाला पाणी द्या, आणि त्याच्यासमोर असं परत विचारू नका. त्यालाही ऐकून वाईट वाटतं.’ तेव्हापासून दोघांचं लिहिणं थांबलंच नाही. तो खाणीवर मशीन चालवायचा आणि जेवणाच्या सुट्टीत लिहायचा; ती साचा सुकेपर्यंत लिहायची. वडील गेले तेव्हा नातेवाइकांच्या आधी त्याने तिला कळवलं होतं. तिनेही त्याला मनातलं सगळं सांगितलं होतं. तेवढं एक सोडून.

“तुमी केरीचीच?” तो आता वाकून विचारत होता.

मान हलली.

“मग बाबलीचां दुकान ठाऊक आसतलां. स्टॉपाकडे आसा म्हणे. ह्यां रोप थंय ठेवूचां आसा. एका बाईसाठी... म्हणजे मैत्रिणीसाठी.” त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. “तशी कधी भेट जावंक नाय हां. फेसबुकावयली ओळख.”

गौरवीने भुवया उंचावल्या. कसंतरी हसू दाबलं.

“हसतास? आमची आवय पण हसता. म्हणता, न बघलेल्या बाईक आज झाड देतस, उद्या घर देशीत!”

आता मात्र गौरवी खरंच हसली. त्यालाही चेव आला.

“पण तिचां एक वाक्य वाचशात ना, तर तुमका समजात. ती माणूस कशी आसा तां आपसूक कळता. फक्त एक...” तो थांबला. काचेवरून ओघळणाऱ्या पाण्याकडे बघत म्हणाला, “आवाज कसो आसात तिचो? माका नेहमी वाटता, पावसात खळाळणाऱ्या व्हाळासारखो. एकदा सुरू झालो की थांबाचो नाय.”

गौरवीचं हसू ओठांवरच विरलं.

“तुमचां नाव काय?”

तिने तोंड उघडलं. ‘ग’ वर आला आणि अडून बसला... पुढेही नाही, मागेही नाही. तिने मान खिडकीकडे वळवली.

“बरां, बरां... नको तर नको,” तो ओशाळून म्हणाला, आणि केरी येईपर्यंत दांडा धरून काचेबाहेर बघत राहिला.

बाबलीने गौरवीला परकरी पोर असल्यापासून पाहिलेलं. जुईच्या नावाने दुकानात येणारी रोपं तिच्याकडे तोच पोचवायचा. त्याने रोप हातात घेतलं, सुदेशकडे पाहिलं, मग सुदेशच्या मागे छत्री धरून उभ्या असलेल्या गौरवीकडे पाहिलं. ती जोरजोराने मान हलवत होती – नको, नको!

“पोचयतंय,” बाबली म्हणाला.

“ती... कशी आसा हो?”

बाबलीने सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात सरकवली. “आसा बरी. जरा भियेता, इतक्यांच.”

“कोणाक?”

“तां तिकाच विचार.”

परतीची बस येईपर्यंत सुदेश दुकानाच्या वळचणीला उभा राहून प्रत्येक पाऊलवाटेकडे बघत होता. पलीकडे फणसाखाली उभी राहून गौरवी त्याच्याकडे बघत होती. मध्ये रस्ता होता, एवढाच.

त्याच आठवड्यात गटावर वादळ उठलं. दुसऱ्या कुठल्यातरी गटावरची एक प्रेमळ ‘ताई’ म्हणे बाप्या निघाली, आणि त्याने बायकांचे पत्ते मिळवून त्यांना भलताच त्रास दिला. ते वाचून म्हापशाच्या सुमंगलाबाईंनी ‘परसदार’वर लिहिलं, ‘माझ्यासारख्या एकट्या राहणाऱ्या बायकांचे पत्ते आपल्या अ‍ॅडमिनकडे आहेत. त्यांना कुणी पाहिलंय? आवाज तरी ऐकलाय? राग मानू नये, पण मला झोप लागत नाही.’

राग मानण्यासारखं त्यात काही नव्हतंच. हेच गौरवीला जास्त टोचलं. एकेक जण गट सोडून जायला लागला. सुदेशने ठासून लिहिलं, ‘मी ओळखतो त्यांना.’ खाली कुणीतरी विचारलं, ‘भेटलात?’ मग त्याने तिला एकटीला लिहिलं.

‘एकदा फोन करू? तुमचं नाव तेवढं सांगा. पुढचं मी सगळ्यांना सांगतो.’

‘फोन जमणार नाही.’

‘का?’

तिने लिहिलं, खोडलं. परत लिहिलं, परत खोडलं. तिकडे त्याला हे सगळं ‘लिहीत आहेत... लिहीत आहेत...’ असं दिसत असणार. शेवटी त्याचेच शब्द आले – ‘राहू दे. माणूस ओळखण्यात माझीच चूक झाली असेल.’

गौरवी कितीतरी वेळ त्या ओळीकडे बघत बसली. मेण वितळून साच्याबाहेर आलं तरी तिला कळलं नाही. ज्या जागी आवाज लागत नाही अशी एक जागा तिने स्वतःसाठी तयार केली होती, आणि आता ती जागा टिकवायला नेमका आवाजच हवा होता! संध्याकाळी तिने गटावर लिहिलं, ‘रविवारी सकाळी पेडण्यात, देवळाजवळच्या सभागृहात भेटूया. मी येते. – जुई.’ आणि मन फिरायच्या आत फोन पालथा घातला.

रविवारी सभागृहात मोठी मौज चालली होती. एकमेकांची तोंडं कुणी पाहिलेली नव्हती, पण झाडं सगळ्यांना पाठ!

“तुम्ही लाल कर्दळ ना?”

“हो! आणि तुम्ही... मावा पडलेली शेवंती!”

सुदेश मागच्या भिंतीला टेकून उभा होता, हाताची घडी घालून. गौरवी आत आली तसा तो ओळखीचं हसला. “अरे, बसवाली! तुमी पण गटात आसास?”

ती थांबली नाही. थांबली असती तर पुढे गेलीच नसती. सरळ सगळ्यांच्या समोर जाऊन उभी राहिली. बोलणी हळूहळू विझली.

“म... मी केरीची ज-जुई. माझं नाव ग... ग...”

ओळखीचा तो काटा. पहिल्या रांगेतल्या कुणीतरी चांगुलपणानेच मदत केली, “गंगा? गीता?”

“थांबा हो!” एक करकरीत आवाज आला. त्या सुमंगलाबाई होत्या. “नाव तिचं आहे, तिलाच सांगू दे.”

सगळे थांबले. छपरावरून पागोळ्या पडत होत्या, त्याही ऐकू येत होत्या.

“...गौरवी,” ती म्हणाली. “फोन उ-उचलत नाही, ते ह्यासाठी. लपवलं ते एवढंच. पत्ते कुणाला द-दिलेले नाहीत.”

सुमंगलाबाई उठल्या. गुडघे धरत पुढे आल्या आणि हातातली अबोलीची कुंडी तिच्यासमोर टेबलावर ठेवली.

“एवढंच ना? देवा रे, मी मेलीने काय काय मनात आणलं होतं! आता सांग बघू, हिची पानं अशी का वळतात?”

सभागृहात हशा पिकला. गौरवीलाही हसू फुटलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. तिने पान उलटं करून बघितलं, आणि सांगायला लागली. अडखळत, थांबत, पण भरपूर. वेंगुर्ल्याहून आलेले म्हातारे रघुनाथराव कानामागे हात धरून पुढे सरकले. “अशीच सावकाश बोल गो बाय. माका तसांच ऐकाक येता.”

कित्येक वर्षं दाताखाली आवळून धरलेलं काहीतरी सुटावं, तसं तिला हलकं हलकं वाटत होतं. तिने मान वर करून मागच्या भिंतीकडे पाहिलं.

तिथे कुणी नव्हतं.

ती धावतच बाहेर आली. सुदेश मोटरसायकलवर बसून किल्ली फिरवत होता.

“ज-जाताय?”

“मग काय करू? तोंड दाखवूक जागा खंय आसा माका?” तो तिच्याकडे बघतही नव्हता. “व्हाळ म्हणालंय मी! तुमच्या तोंडार! आणि वयर तो मेसेज...”

गौरवी बघतच राहिली. म्हणजे हा रागावला नव्हता. लाजला होता!

“मला वाटलं, तुम्ही र-रागावलात. मी बसमध्ये सांगायला हवं होतं.”

“कशां सांगतलास? मी बोलाक दिलंय खंय तुमका!”

ती हसली. मग तोही हसला. बाहेर आलेलं तिचं ते हसू मोठं होतं, मोकळं होतं, आणि त्यात एकही अक्षर अडत नव्हतं.

“मग... आता स-सांगा. कसा आहे आवाज?”

त्याने खरोखरच विचार केला. “व्हाळ नाय. आमच्या सुर्ल्याच्या रस्त्यासारखो.”

“म्हणजे ख-खड्डे?” तिने डोळे मोठे केले.

“खड्डे आसत,” तो गंभीरपणे म्हणाला. “पण घराक जावचां तर त्याच रस्त्यान.”

बोलून गेल्यावर आपण काय बोललो ते त्याचं त्यालाच उमगलं. तो किल्लीशी चाळा करू लागला. वाऱ्याची झुळूक आली, वरच्या पिंपळाने साठवलेलं पाणी दोघांवर शिंपडलं. कुणीच बाजूला सरलं नाही.

“सुदेश...” ती म्हणाली. “मला त-तू... तू...”

त्याला कळलं. त्याच्या डोळ्यांत लख्ख दिसलं की कळलं. ओठही हलले, पुढचा शब्द झेलायला. गौरवीने बोट वर केलं.

“न-नाही. मी पुरं बोलणार.”

“बोल,” तो म्हणाला. मोटरसायकलवरून उतरला आणि तिच्यासमोर नीट उभा राहिला. रस्त्यावरून एक टेम्पो गेला, मागून एक बस गेली. त्याने नजर हलवली नाही.

“मला तू आ... आवडतोस. खूप दिवसांपासून.”

शेवटचे शब्द तर एका दमात आले. ती स्वतःच चकित झाली.

आता बोलायची पाळी सुदेशची होती. त्याने तोंड उघडलं. मिटलं. मानेवरून हात फिरवला, परत उघडलं. सुर्ल्याच्या खाणीवर यंत्राच्या आवाजावर आवाज चढवणारा तो गडी, त्याच्या तोंडून काही केल्या शब्द फुटेना.

गौरवीने हळूच त्याचा हात हातात घेतला.

“स-सावकाश,” ती म्हणाली. “मला घाई नाही.”