तिसरी शिट्टी

सामना दुपारी तीनचा, पण अंबडकरांनी दोन वाजताच मैदानाच्या पायऱ्या अडवल्या होत्या. मोंढ्यात सोयाबीन टाकून आलेली माणसं तशीच धुळीच्या अंगानं येऊन बसली होती. बास्केटबॉलमधलं निम्म्यांना काही कळत नव्हतं, पण पंच लबाड आहेत हे मात्र सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं.

छकुली बुटाची नाडी आवळत होती. अंबड संघाची ती कप्तान, पाठीवर सात नंबर. आज दुधना लीगची उपांत्य लढत होती, समोर जालन्याचा संघ. हरला तर अंबडचा संघ बंद, असं लीगनं आधीच कळवून टाकलं होतं. लहान गावाचे सामने कोण बघतं म्हणे! संघ गेला की छकुलीचा खेळही गेला. सव्विसाव्या वर्षी तिला दुसरं कोण बोलावणार होतं?

गेल्या चारही सामन्यांत तिला पाच-पाच फाऊल मिळाले होते. पाच झाले की खेळाडू बाहेर. लीगला फायनलमध्ये जालनाच हवंय, असं चहाच्या टपरीवरचं शेंबडं पोरही सांगत होतं. कुंपणच शेत खायला लागलं तर दाद कुणाकडं मागायची, म्हणून छकुलीही चरफडत होती. मग एका संध्याकाळी कोच राजानंद सरांच्या मोबाईलवर तिनं ते सामने पुन्हा पाहिले आणि मध्येच डोळे मिटून नुसते ऐकले.

"सर, पंच दोनच हायेत. शिट्ट्या तीन वाजून राह्यल्यात."

"पब्लिकमधून वाजवीत आसंल कुनी."

"मंग पंच फाऊल कामून देतेत? आन सर, माणसाची शिट्टी शेवटाला बसती. दम सरतो. ही बसतच न्हाई. हाय तशीच तुटती."

ती हे उगाच बोलत नव्हती. तिचा बाप बिरू जन्मभर मेंढरांमागं हिंडला होता. वडीगोद्रीच्या माळावर चार कळप एकत्र चरले, तरी प्रत्येक धन्याची शिट्टी वेगळी आणि त्याची मेंढरं तेवढ्याच शिट्टीला वळणारी. लहानपणापासून ती कळपामागं चालली होती. शिट्टी कुणाची, हे तिला झोपेतही कळायचं.

आणखी एक गोष्ट तिनं सरांना सांगितली नाही. ती शिट्टी धक्का लागायच्या आधी वाजत होती.

बिरूला तिनं सांगितलं तेव्हा त्यानं तंबाखू मळायची थांबवली. "परक्या शिट्टीला मेंढरू वळत न्हाई," तो म्हणाला. "तू कशाला वळती?"

सामन्याआधी ती थेट मुख्य पंच सर्जेरावांपुढं जाऊन उभी राहिली. "ईस फाऊल दिलेत मला. त्यातले तुम्ही किती वाजवले?"

सर्जेरावांनी मानेवरचा घाम पुसला. "खरं सांगू बाई? मला वाटायचं, ह्यांनी वाजवली."

"मला वाटायचं, ह्यांनी," दुसरा पंच पुटपुटला.

दोघं खोटं बोलत नव्हते. छकुलीची पंचाईत झाली ती त्यामुळंच. लबाडांशी भांडायची तिची तयारी होती.

"लीगला सांगितलं का?"

"सांगितलं. म्हनले, वाजली की फाऊल द्यायचा. कुनाची ते इचारायचं न्हाई."

शेवटचे अकरा सेकंद उरले तेव्हा अंबड एका गुणानं मागं होतं आणि छकुलीवर चार फाऊल होते. राजानंद सरांनी टाइमआउट घेतला. छकुली पंचांकडं गेली.

"शिट्ट्या टेबलावर ठेवा. दोघांच्या बी. बघू दे सगळ्या अंबडला."

सर्जेरावांनी गळ्यातली शिट्टीची दोरी काढली. दुसऱ्यानंही काढली. गुण लिहिणाऱ्या बेबीनंदाबाईंसमोर दोन्ही शिट्ट्या पडल्या. पायऱ्यांवर हशा पिकला.

"वाजली तरी थांबू नका," छकुलीनं पोरींना बजावलं. "बिलकुल न्हाई."

बॉल हातात आला. ती धावली.

शिट्टी वाजली.

दोन्ही शिट्ट्या टेबलावरच होत्या. छकुली थांबली नाही. मागचे बूट एकेक करून थांबत गेल्याचं तिला ऐकू आलं. आडवं कुणीच आलं नाही. तिनं उडी घेतली. बॉल जाळीतून खाली पडला.

शिट्टी चालूच होती.

तिनं बॉल उचलला आणि वळली.

नऊ जणी जागच्या जागी उभ्या होत्या. प्रत्येकीची उजवी मूठ वर, फाऊल देताना पंच धरतात तशी. पंचांचीही. पायऱ्यांवर सगळं अंबड उभं होतं, मुठी वर करून. कुणीच ओरडत नव्हतं. तिसऱ्या पायरीवर बिरू होता. त्याचीही मूठ वर होती.

घड्याळ शून्यावर आलं.

"दोन पॉइंट!" छकुली किंचाळली. "लिहा! जितलो आम्ही!"

बेबीनंदाबाईंनी डाव्या हातानं वेडेवाकडे दोन गुण लिहिले. उजवा खाली येत नव्हता.

छकुलीनं बॉल पोटाशी घट्ट आवळला. तिच्या उजव्या हाताची बोटं एकेक करून बॉलवरून सुटत होती. डाव्या हातानं ती एकेक बोट परत दाबत होती.